गाळलेलीं पानें आणि श्रद्धेचे पाठ

धर्मशिक्षणाविषयीं आमच्या समाजांत जी चर्चा चालते तिच्यांत एक गोष्ट सहसा निघत नाहीं. धर्म शिकवावा कीं न शिकवावा, घरीं शिकवावा कीं शाळेंत, संस्कृतांतून शिकवावा कीं मराठींतून, यांवर कागद पुष्कळ खर्च झाला आहे. परंतु शिकवितांना जें अवघड वाटेंत येतें त्याचें काय करावें, हा प्रश्न शिकविणारांनीं आपसांत मुकाट्यानें निकालांत काढल्यासारखा दिसतो. तो निकाल थोडक्यांत असा, कीं अवघड आलें म्हणजे पान उलटावें. हा निकाल चुकीचा आहे; इतकेंच नव्हे, तर ज्या श्रद्धेच्या रक्षणासाठीं तो दिला जातो तिचाच तो घात करतो, असें आमचें मत आहे. तें आम्ही महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या आधारें मांडणार आहों. हे तालुके मुद्दाम निवडले आहेत. सावित्रीच्या या खोऱ्यांत श्रद्धेला तोटा नाहीं, आणि अवघड प्रश्नांनाही नाहीं.

२०२१ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पोलादपुराकडच्या एका वाडींत हरिनाम सप्ताहाच्या मांडवांत आम्ही बसलों होतों. दुपारच्या पंगती उठल्या होत्या, कीर्तनास अवकाश होता, आणि मधल्या वेळांत एक वृद्ध बुवा पंधरा-वीस मुलांस हरिपाठ शिकवीत होते. बुवा मोठे प्रेमळ. कोणाचा उच्चार सुधारीत, कोणाच्या हातांत टाळ नीट धरवीत त्यांचें काम चाललें होतें. बोलतां बोलतां चोखोबांचें नांव निघालें. तेव्हां दहा-अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बुवा, तळीयेचीं माणसें दरडीखालीं गेलीं, त्यांनीं काय पाप केलें होतें?" बुवांनीं तिच्याकडे क्षणभर पाहिलें. "प्रारब्ध असतें, बाय," एवढें म्हणून त्यांनीं पुढचा अभंग धरला. मुलांनीं टाळ वाजविले. ती मुलगीही वाजवीत होती, पण तिचे ओंठ हलत नव्हते. तिच्या नात्यांतलें कोणी त्या गांवीं होतें असें आम्हांस मागाहून कळलें.

बुवांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या लहानपणीं त्यांनीं असाच कांहीं प्रश्न विचारला असेल, तर त्यांच्या गुरूंनींही तेंच उत्तर देऊन तोच अभंग धरला असेल. आमचा वाद त्यांच्या मागें उभ्या असलेल्या पद्धतीशीं आहे. ही पद्धति सप्ताहाच्या मांडवांत, पोथीच्या वाचनांत, बालसंस्कारवर्गांत आणि शहरांतील सुशिक्षितांच्या गीतावर्गांत सारखीच आढळते. अवघड वचन आलें तर तें वगळावें. अवघड प्रश्न आला तर तो एका शब्दानें मिटवावा. आणि विचारणारा हट्टी निघालाच तर त्याच्या श्रद्धेविषयीं शंका घ्यावी, असे तिचे तीन अलिखित नियम आहेत. या नियमांनीं कोणतीं पानें गाळलीं जातात, तें आधीं पाहूं.

पहिलें पान इतिहासाचें आहे. महाड तालुक्यांत, वरंधा घाटाच्या वाटेच्या बाजूस, शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनीं दासबोध येथें सांगितला आणि कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं १९३० मध्यें ही जागा शोधून काढली, आणि धबधब्यामागच्या त्या गुहेंत आज भाविक येऊन पोथी वाचतात. त्याच तालुक्याच्या मुख्य गांवीं चवदार तळें आहे. मुंबई कायदेमंडळांत १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांनीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून १९२४ मध्यें हें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. आणि तरीही तेथें पाणी भरण्यास कोणी अस्पृश्य धजला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि तें पाणी प्याले. त्यानंतर, आतां हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई उठली. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. आणि मग गांवांतील धर्मनिष्ठांनीं तळ्यांतून घागरी उपसून, त्यांत पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून तळें 'शुद्ध' केलें. ज्या तळ्यांत गुरें पाणी पीत होतीं तें तळें माणसांच्या ओंजळीनें बाटलें, आणि गाईच्या शेणानें शुद्ध झालें! त्याच वर्षीं ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत न्यायालयाचा मनाईहुकूम झाला. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजीं त्याच गांवीं भरलेल्या दुसऱ्या परिषदेंत मनुस्मृतीचें दहन झालें.

घळ आणि तळें हीं दोन्ही एकाच तालुक्यांत असून एकमेकांस अनोळखी आहेत. पोथीच्या वर्गांत तळ्याचें नांव निघत नाहीं. तळ्याच्या काठीं होणाऱ्या भाषणांत घळीचें नांव क्वचित् निघालेंच तर निषेधासाठीं निघतें. आणि या दोहोंच्या मधून रोज शाळेस जाणाऱ्या मुलानें मात्र आपल्या श्रद्धेचा आणि आपल्या गांवच्या इतिहासाचा मेळ स्वतःच घालावा, अशी आमची अपेक्षा असते!

दासबोधांतच पाहा. पांचव्या दशकाच्या पहिल्याच समासांत गुरु कोण याचा निश्चय करतांना समर्थ सांगतात, कीं ब्राह्मण हा सर्वांचा गुरु होय, आणि तो क्रियाहीन झाला तरी त्यासच अनन्यभावें शरण जावें. चौदाव्या दशकांतील युगधर्माच्या समासांत नीच यातींस गुरुत्व आलें याची हळहळ आहे. हीं वचनें वाचणाऱ्याच्या समोर आज कोण बसलेलें असतें? महाडच्या बाजारपेठेंतला मुलगा असतो, कुणब्याची मुलगी असते, आणि कधीं ज्यांच्या पणजोबांनीं त्या मार्चांत लाठ्या खाल्ल्या त्यांचींही मुलें असतात. शिकविणारा येथें काय करतो? बहुधा समास वगळतो. न वगळल्यास, ब्राह्मण म्हणजे जातीनें ब्राह्मण नव्हे, ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण, असा खुलासा करतो. हा खुलासा ऐकावयास गोड आहे. पण तो त्या वचनासमोर टिकत नाहीं. क्रियाहीन झालेल्यासही शरण जावें असें जेथें म्हटलें आहे, तेथें ब्राह्मण शब्दाचा अर्थ ब्रह्मवेत्ता असा कसा लागावा? ब्रह्मवेत्ता क्रियाहीन कसा? पंधरा वर्षांच्या चलाख मुलास ही विसंगति तत्काळ दिसते, आणि तो मनांत नोंद करून ठेवतो, कीं गुरुजींस हें कळलें नसेल किंवा गुरुजी आम्हांस फसवीत असतील. दोहोंपैकीं कोणतीही नोंद श्रद्धेस पोषक नव्हे.

तीच गत शिवराय आणि समर्थ यांच्या भेटीची. सांप्रदायिक परंपरा ही भेट १६४९ ची धरते. इतिहासाचे अभ्यासक १६७२ च्या एका पत्रावरून पहिली भेट त्या सुमाराची असावी असें प्रतिपादन करतात. वाद जुना आहे, आणि तो मिटलेला नाहीं. वर्गांत मात्र पहिली तारीख निर्विवाद म्हणून सांगितली जाते. तें मूल पुढें महाविद्यालयांत जातें आणि दुसरी तारीख ऐकतें. त्या दिवशीं त्याच्या मनांतून नुसती एक तारीख जात नाहीं. जो मनुष्य तारखेविषयीं निःशंकपणें अर्धें सांगतो त्यानें देवाविषयीं सांगितलेलें तरी पुरतें कशावरून, असें तें विचारूं लागतें.

मग करावें काय? उत्तर पोथींतच आहे. दासबोध हा ग्रंथ श्रोत्यांच्या प्रश्नानें उघडतो. त्यांत श्रोता पदोपदीं आशंका घेतो आणि वक्ता समाधान करतो. आठव्या दशकांत तर आशंका हेंच समासाचें नांव आहे. प्रचीतीवांचून बोललेलें व्यर्थ, हें समर्थ इतक्या वेळां सांगतात कीं वाचणाऱ्यास त्याचा विसर पडूं नये. असा ग्रंथ शिकवितांना आशंका घेणाऱ्या मुलास गप्प बसविणें हा त्या ग्रंथाचाच अपमान होय. प्रामाणिक शिक्षकानें म्हणावें: "हें वचन येथें आहे. तें जातीविषयींच आहे. तें मला मान्य नाहीं. कारण याच विचारानें आपल्या महाडांत माणसांस पाण्यावरून मारलें. आणि तरीही प्रयत्नाविषयीं, विवेकाविषयीं, संसार नेटका करण्याविषयीं या पुरुषानें जें सांगितलें त्यानें माझें आयुष्य सुधारलें, म्हणून मी ही पोथी वाचतों." एवढ्या चार वाक्यांनीं कोणाची श्रद्धा मोडत असेल, तर ती आधींच मोडलेली होती असें समजावें.

याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, जी गाळल्यामुळें भाविकांचेंच नुकसान होतें. चवदार तळ्याच्या लढ्यांत सवर्ण सगळे एका बाजूस नव्हते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे आंबेडकरांच्या बाजूस उभे होते; मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते. आणि दुसऱ्या बाजूचें पाहावें, तर ही आमची अनादि रूढि आहे असें म्हणून जे न्यायालयांत गेले त्यांस ती रूढि सिद्ध करतां आली नाहीं, असा मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं लागला. ज्यास पूर्वजांचा धर्म म्हणून लाठ्या उचलल्या, त्यास पुरावा नव्हता! हें मुलांस सांगावयास नको काय? धर्म म्हणून जें जें पुढें येतें त्याचा पुरावा मागावा, हा धडा यांत आहे. आणि तो देण्यास महाडच्या भाविकाइतका अधिकारी दुसरा कोण? त्याच्या शेजारच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनीं १८८८ मध्येंच 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेविषयीं धर्माधिकाऱ्यांस प्रश्न घातले होते. त्या प्रश्नांस उत्तरें मिळालीं असतीं तर १९२७ ची वेळच कदाचित् आली नसती. उत्तर म्हणून मौन मिळालें. पुढें लाठ्या मिळाल्या. आणि १९३५ सालीं येवल्यास, मी हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही प्रतिज्ञा ऐकावी लागली, जी १९५६ मध्यें नागपुरास लाखोंच्या साक्षीनें पुरी झाली. प्रश्नांनीं श्रद्धा जाते असें म्हणणारांनीं हा क्रम एकदां शांतपणें वाचावा. येथें श्रद्धा प्रश्नांनीं गेली नाहीं. उत्तर न मिळाल्यानें गेली.

दुसरें गाळलेलें पान दुःखाचें आहे, आणि तें अधिक अवघड आहे. जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यांत महाड तालुक्यांत दासगांव, जुई, कोंडिवतें, रोहन येथें डोंगर खचले आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरांत कोसळला आणि दोन एस्‌. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. कित्येकांचीं प्रेतेंही हातीं लागलीं नाहींत. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व सुतारवाडी येथेंही त्याच वेळीं दरडी आल्या. ज्या प्रदेशानें सोळा वर्षांत हें तीनदां पाहिलें, तेथील मुलास प्रारब्ध हा एक शब्द देऊन वाटेस लावणें याला आम्ही धर्मशिक्षण म्हणत नाहीं.

प्रारब्धाचा सिद्धांत खरा कीं खोटा, या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो ज्या वेळीं व ज्याला सांगितला जातो त्याविषयीं आमचें म्हणणें आहे. स्वतःच्या दुःखाविषयीं एखादा साधु, हें माझें प्रारब्ध, असें म्हणतो तेव्हां तो नम्रता दाखवितो. दुसऱ्याच्या दुःखाविषयीं आपण तेंच म्हणतों तेव्हां निवाडा देतों. आणि तो निवाडा पोथीच्याही आधाराचा नाहीं. समर्थांनीं तिसऱ्या दशकांत त्रिविध तापांचें निरूपण केलें आहे. इतर भूतांच्या संयोगानें देहास जें दुःख होतें तें त्यांनीं आधिभौतिकांत घातलें, आणि कर्माचा दंड म्हणून देहांतीं ज्या यमयातना होतात त्या निराळ्या काढून आधिदैविकांत घातल्या. या वर्गीकरणानें प्रारब्धवाद खोडला जात नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु अंगावर कोसळणाऱ्या प्रत्येक डोंगरास पापाचा दंड म्हणण्याची घाई पोथीला नाहीं, ती आम्हांलाच आहे, हें त्यावरून पुरतें दिसतें.

ही घाई कोणाच्या सोयीची आहे? २०१६ मध्यें पूल पडला, तो जुना होता म्हणून, आणि पुराच्या रात्रीं त्यावरून वाहतूक चालू होती म्हणून. तळीयेवर दरड आली, ती महाबळेश्वरीं एका दिवसांत पांचशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला त्या वेळीं, चिंब झालेल्या उतारावरून, खालीं वस्ती होती म्हणून. हीं कारणें माणसांस कळण्याजोगीं आहेत, आणि कांहीं अंशीं टाळण्याजोगीं आहेत. प्रारब्ध म्हटलें कीं पुलाची तपासणी कोणी केली, वस्तीचें पुनर्वसन आधीं कां झालें नाहीं, हे प्रश्नच बुडतात. मांडवांत निर्दोषपणें उच्चारलेला शब्द कचेरींत मोठ्या सोयीचा ठरतो, हें भोळ्या बुवांच्या ध्यानांत येत नाहीं, आलें पाहिजे.

वारकरी शिक्षकाजवळ तर याहून फार मोठी संपत्ति आहे, आणि ती तो तिजोरींत बंद ठेवून बसला आहे. चोखोबा कसे गेले? मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली आणि ते तिच्याखालीं गाडले गेले. १३३८ सालची ही गोष्ट. ज्या पुरुषास विठ्ठलाचा लाडका म्हणावयाचें, तोच दगडमातीखालीं जातो! मग दरडीखालीं जाणें हें देवाच्या अवकृपेचें चिन्ह कसें ठरतें? आतां येथें एक अवघड पान आणखी आहे, आणि आमच्या सोयीसाठीं तें गाळण्याचा आम्हांसही अधिकार नाहीं. चोखोबांच्या नांवावर असा अभंग आहे, कीं पूर्वजन्मीं कृष्णाची निंदा घडली म्हणून हा हीन जन्म आला. आणि त्यांच्याच पुत्राचे, कर्ममेळ्याचे, अभंग असे आहेत, कीं आमची ही दशा तूंच केलीस, म्हणून तो देवास सरळ जाब विचारतो. बाप स्वतःकडे दोष घेतो; मुलगा देवाकडे बोट दाखवितो; आणि संप्रदायानें दोघांचेंही बोल जतन केले. आमच्या वर्गांत बापाचा अभंग म्हटला जातो आणि मुलाचा गाळला जातो. कां? ज्या संप्रदायाच्या पोटांत कर्ममेळा मावला, त्याच्या मांडवांत एका मुलीचा प्रश्न मावूं नये काय?

आतां आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप सज्जनांचा आहे. ते म्हणतात, मुलें कोवळीं असतात. त्यांस इतकें सांगितलें तर श्रद्धा रुजण्यापूर्वींच उपटली जाईल. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. सहा वर्षांच्या मुलास मनुस्मृतीचें दहन समजावून सांगण्याची घाई नको. पण वयोमानाप्रमाणें थोडें सांगणें वेगळें आणि खोटें सांगणें वेगळें. पुढें खोडावें लागेल असें आज सांगूं नये, हा एवढाच नियम पाळला तरी पुष्कळ झालें. शिवाय, मुलें आमच्याच तोंडून ऐकतात हा भ्रम आतां सोडला पाहिजे. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं. महाडचें मूल दर २० मार्चला तळ्याकडे लोटणारा समुदाय पाहतें, आणि उरलेलें त्याला हातांतल्या मोबाइलवर दिसतें. प्रश्न त्याच्यापर्यंत पोंचणारच आहे. तो शिक्षकाच्या मायेंत पोंचावा कीं परक्याच्या उपहासांत, एवढेंच ठरविणें आमच्या हातीं आहे.

दुसरा आक्षेप पंडितांचा. ते कांहींच गाळीत नाहींत. ते सर्व कांहीं समजावून देतात. अमुक वचन रूपक आहे, तमुक काळाची गरज होती, अमुक ओवी मागाहून कोणी घुसडली. यांतील एखादें स्पष्टीकरण खरेंही असतें. परंतु जेथें तेथें हीच किल्ली चालविणारा मनुष्य ग्रंथाचें रक्षण करीत नसून स्वतःच्या प्रतिष्ठेचें रक्षण करीत असतो. घुसडलेली ओवी असेल तर पोथ्यांचा पुरावा दाखवावा. नसेल तर, येथें या थोर पुरुषाची दृष्टि त्याच्या काळापलीकडे गेली नाहीं, असें सरळ म्हणावें. थोरांस चूक करण्याची मुभा देणें म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. चूक न करणारा थोर मनुष्य कोणा मुलानें पाहिलेला नसतो, म्हणून अशा मनुष्याचें अनुकरण करण्याची उमेदही त्यास येत नाहीं.

तिसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा, आणि तो आमच्या दोन्ही बाजूंस झोंबणारा आहे. ते म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? वचन वाईट आहे ना, मग पोथीच मिटा. त्यांस आमचें उत्तर असें, कीं पान गाळण्याचा रोग त्यांसही जडलेला आहे. फक्त त्यांचीं पानें निराळीं आहेत. भाविक तळें गाळतो, हे कर्ममेळा गाळतात. दरडीनंतर त्याच मांडवांतल्या माणसांनीं शेजाऱ्यांसाठीं भाकऱ्या भाजल्या, तेंही गाळतात. आणि तळीयेच्या त्या मुलीस पोथी मिटून काय द्यावयाचें? उताराचा कोन आणि पावसाचे मिलिमीटर तिला सांगावेतच. पण तिचा प्रश्न तेवढाच नव्हता.

हा प्रश्न आमच्याच धर्मास पडला आहे असें नाहीं. अमेरिकेंतील मॉर्मन पंथांत कृष्णवर्णीय पुरुषांस पौरोहित्याची दीक्षा मिळत नसे. ती बंदी १९७८ मध्यें उठली. परंतु बंदीच्या समर्थनार्थ जीं कारणें पिढ्यान्‌पिढ्या वर्गांत शिकविलीं होतीं तीं तशींच मागें राहिलीं. त्यांपैकीं एक कारण असें होतें, कीं जन्मापूर्वींच्या अवस्थेंत ज्यांच्या हातून उणें घडलें त्यांस हा वर्ण मिळाला. वाचकांस हें कारण ओळखीचें वाटल्यास नवल नाहीं! शेवटीं २०१३ मध्यें त्या पंथानें अधिकृत लेख प्रसिद्ध करून हीं कारणें आपण नाकारतों असें जाहीर केलें. बहुपत्नीत्वासारख्या इतर अडचणीच्या विषयांवरही लेख काढले. आणि २०१६ मध्यें त्याच्या वरिष्ठ मंडळांतील एम्‌. रसेल बॅलर्ड यांनीं धर्मशिक्षकांस बजावलें, कीं प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास, त्याची चिंता नको, म्हणून परत पाठविण्याचे दिवस आतां गेले. त्या पंथाचे सर्व प्रश्न यानें सुटले असें नव्हे. परंतु हें शहाणपण त्यांस सुचलें तें तरुण मंडळी बाहेरून सत्य ऐकून मनांतून दुरावूं लागली तेव्हां. आम्ही तितका उशीर करावाच असा नियम नाहीं.

आणि दूर कशाला जावें? महाडच्या तळ्यावर जो पुरुष पाणी प्याला, त्यानेंच आयुष्याच्या अखेरीस आपल्या अनुयायांसाठीं धर्मग्रंथ लिहिला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्यें, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंतच बौद्ध परंपरेविषयींचे अवघड प्रश्न मांडले आहेत: सिद्धार्थानें गृहत्याग खरोखर कां केला, चार आर्यसत्यें मूळचीं आहेत काय, आत्मा नाहीं तर कर्म व पुनर्जन्म कसे, भिक्षुसंघाचा हेतु काय. नव्या श्रद्धेस आलेल्या माणसाच्या हातीं पहिल्याच पानांवर प्रश्न देणें यास धाडस लागतें. त्यांचीं उत्तरें प्रत्येकास पटतील असें नाहीं. खुद्द बौद्ध जगांतही त्यांवर वाद झाले. पण ज्याला आपल्या श्रद्धेचा भरंवसा असतो तो दार असें उघडें टाकतो. पोथीच्या वर्गानें हें तळ्याच्या काठावरून शिकावें, असें आम्ही म्हटलें तर कोणी रागावूं नये.

तर शिकविणारास आमची विनंती एवढीच. वचन आहे तसें वाचावें. पटत नसेल तर पटत नाहीं असें म्हणावें, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं असें म्हणावें. गुरूच्या तोंडून हीं दोन वाक्यें ऐकलेलें मूल त्याच्या तिसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवतें. घडलेल्या गोष्टीचें कारण आणि तिच्यापुढें उभें राहण्याचें बळ या दोन वस्तु निराळ्या ठेवाव्या. पहिलीसाठीं भूगर्भशास्त्र्यास व इतिहासकारास खुशाल विचारावें, दुसरीसाठीं संतांकडे जावें. दासबोध वाचणाऱ्यांनीं वर्षांतून एकदां चवदार तळ्यावर मुलांस न्यावें आणि तेथें काय झालें तें सगळें सांगावें. यासाठीं नवी पोथी लागत नाहीं कीं नवा मठ लागत नाहीं. लागतें तें थोडें धैर्य, आणि तें ज्याला नाहीं त्यानें श्रद्धेचे पाठ देऊं नयेत.

त्या मांडवांतल्या बुवांस, ते हें वाचतील तर, आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे. मुलीस उत्तर देण्यासारखें तुमच्यापाशीं होतें. चोखोबा भिंतीखालीं गेले हें कळल्यावर नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. यानें पूर्वजन्मीं काय केलें होतें, असें त्यांनीं कोणास विचारल्याचें परंपरा सांगत नाहीं. त्यांनीं दगडमाती बाजूस सारली, हाडें वेंचलीं, पंढरीस आणलीं आणि महाद्वारासमोर समाधि बांधली. "बाय, पाप कोणाचें तें मला ठाऊक नाहीं; नामदेवांनीं तें विचारलें नाहीं, म्हणून मीही विचारणार नाहीं. तुझें माणूस तिथें होतें काय?" एवढें म्हणून, आणि ती काय सांगते तें ऐकून घेऊन, मग पुढचा अभंग खुशाल धरावा.